पत्र्याखालचे तीन रविवार

सातवीण फुलली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भांडण सुरू होतं. बी विंगमधल्या एका काकांचं त्या वासाने डोकं दुखतं, त्यांना झाडं छाटून हवी असतात. सी विंगमधल्या एका बाईंना तोच वास आवडतो आणि त्या रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतात. मी दोन्ही बाजूंनी काही लिहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही तो वास नको असतो, पण माझं डोकं दुखत नाही. खांदेश्वर स्टेशनपासून आमच्या गेटपर्यंत दोन्ही बाजूंना ही झाडं आहेत. ऑक्टोबरमध्ये कामावरून येताना त्या वासातून चालावंच लागतं, आणि दरवर्षी त्या दहा मिनिटांत मला दत्ता आठवतो. घरी येऊन मी आंघोळ करतो, चहा घेतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला विसरून जातो. सात वर्षं माझं हे बरं चाललं होतं.

यंदा तेवढ्यावर भागलं नाही. दसरा झाला, ऊन चढलं आणि माझ्या बायकोने, मृणालने, पांघरुणं उन्हात घालायला काढली. पावसाळाभर कोंदटलेल्या गाद्या, रजया, चादरी एकेक करून गॅलरीच्या कठड्यावर गेल्या. माळ्यावरच्या एका बॅगेतून शेवटी एक वाकळ निघाली. साताऱ्याकडे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने शिवतात ती वाकळ. जड, चौकोनाचौकोनाची, एका कोपऱ्यात खिळ्याला अडकून फाटलेली.

"ही कोणाची रे? आपल्याकडे असली कधी नव्हती."

"दत्ताच्या आईची."

"मग परत नाही केलीस?"

"राहिलं."

मृणालने वाकळ झटकली आणि कठड्यावर टाकली. मी दिवसभर गॅलरीकडे गेलो नाही. माझ्यासारख्या माणसाला 'राहिलं' हा शब्द फार कामाला येतो. मी कधी एखादी गोष्ट केली नाही, टाळली, घाबरलो, असं म्हणतच नाही. सगळं आपलं राहून जातं.

घरात बसून गाणी रेकॉर्ड करणाऱ्या माणसाचं पंचांग वेगळं असतं. जूनपासून खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजतो, काही करता येत नाही. मग गणपती, मग देवी, म्हणजे गल्लीगल्लीत स्पीकर. दिवाळी आली की फटाके. त्यानंतर लग्नं. वर्षात एकच फट सापडते. देवी गेलेली असते आणि फटाके अजून यायचे असतात. दसरा ते दिवाळी, जेमतेम तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत आमची नवी मुंबई गप्प असते आणि तापलेली असते. पंखा लावला की माइकमध्ये त्याची घरघर येते, खिडकी उघडली की रिक्षा येतात. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, अंगात बनियन, आणि गळ्यात गिटार. मी माझा अल्बम असाच घामात सुरू केला होता. पहिला आणि अजूनपर्यंत शेवटचा.

त्याआधी आमचा तिघांचा बँड होता. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, दत्ता ड्रम्सवर, आणि बेस वाजवणारा एक मित्र, जो पुढे नोकरीसाठी बंगळूरला गेला. तो गेला तेव्हा मी दत्ताला म्हणालो, आता मी सोलो अल्बम काढतो. कुणा कंपनीच्या दारात जायचं नाही, आपणच काढायचा, आपणच नेटवर चढवायचा. दत्ता म्हणाला, "काढ ना भाई. वाजवायला मी हाय." सोलो म्हणजे कव्हरवर एकट्याचा चेहरा, एकट्याचं नाव, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही एवढंच.

दत्ताचे वडील साताऱ्याकडून आलेले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांनी आयुष्यभर सळ्या आणि पत्रे उचलले. दत्ता शिकला आणि तिथेच एका गोदामात गेटपास लिहायला लागला. ड्रम्स त्याला कुणी शिकवले नव्हते. गावच्या जत्रेत त्याचा चुलता हलगी वाजवायचा, ती तो लहानपणी वाजवत होता. कळंबोलीत आल्यावर त्याने हलगी ठेवली आणि रिकाम्या डब्यांवर हात चालवला, मग कॉलेजात कुणाचा तरी ड्रमसेट त्याला बसायला मिळाला. बसला तो उठलाच नाही. त्याचा उजवा पाय तर कायम चालू असायचा. बोलताना, जेवताना, गेटपास लिहिताना. त्याची आई म्हणायची, "झोपला तरी पाय वाजवतोय ह्यो."

ड्रम्स काही फ्लॅटमध्ये वाजवता येत नाहीत. दत्ताने त्याच्या शेठला विचारलं आणि गोदामाच्या वरची खोली आम्हाला रविवारी मिळाली, कारण रविवारी बाजार बंद. खाली लोखंडाची थप्पी, वर दहा बाय बाराची खोली आणि डोक्यावर पत्रा. सकाळी अकरानंतर तो पत्रा तापून टकटक वाजायला लागायचा. ऊन ढगाआड गेलं की पुन्हा आकसताना टकटक. खोलीत आवाज इतका घुमायचा की पहिल्या रविवारी स्नेअरचा, म्हणजे मांडीपुढच्या छोट्या ड्रमचा, एक फटका मारला आणि आम्ही दोघांनी कान झाकले. दत्ता घरी गेला आणि आईच्या चार वाकळी घेऊन आला. आम्ही त्या चारी भिंतींना खिळ्यांनी ठोकल्या. खोली एकदम शांत झाली. आत धुतलेल्या जुन्या कापडाचा वास यायला लागला. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, बजावून पाठवलं होतं की खिळे जपून मारा. आम्ही जपून मारले नाहीत, आणि कोपऱ्यात फाटलेली एक शेवटी मी शिवून देतो म्हणून घरी नेली.

काम करायची रीत अशी होती. आधी मी घरी गिटार आणि गाणं कच्चं रेकॉर्ड करायचं. दत्ताने ते हेडफोनमध्ये ऐकत त्यावर ड्रम्स वाजवायचे. मग त्या ड्रम्सवर मी सगळं पुन्हा नीट वाजवायचं आणि आधीचं कच्चं टाकून द्यायचं. शहाणी माणसं कच्चं रेकॉर्ड करतानाही कानात क्लिक लावतात. क्लिक म्हणजे घड्याळासारखी टकटक, तिच्यामुळे गाण्याची चाल कमीजास्त होत नाही. मी क्लिक लावली नाही. मला तेव्हा वाटायचं की मशीनच्या टकटकीवर गायलं की गाणं मरतं. असली मोठी वाक्यं मी त्या काळात बरीच बोलायचो.

तीन रविवार दत्ता वाजवत होता. आठ गाणी. दुसऱ्या रविवारी तर त्याच्या हातातून घामाने काठी निसटली आणि वाकळीवर आपटली. खाली बाजार बंद, पण ट्रेलर येत-जात असायचे. एखादा मागे घेताना भोंगा वाजवायचा आणि चांगला वाजलेला टेक फुकट जायचा. दत्ता शिव्या द्यायचा नाही. खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरला विचारायचा, "भाऊ, अजून किती वेळ?" आणि ट्रेलर लागेपर्यंत बसून राहायचा. एका दुपारी मावशी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. दत्ता वाजवत होता म्हणून त्या जिन्यातच बसल्या. थांबल्यावर आत डोकावून म्हणाल्या, "माझ्या वाकळी काय वाया गेल्या न्हाईत मग." अल्बमचं नाव मी त्याच दुपारी ठरवलं. 'पत्र्याखाली'.

आता पुढचं लिहायला मला जड जातं, म्हणून भरभर लिहितो.

दिवाळीनंतर मी ती रेकॉर्डिंग्ज खारघरला एकाकडे नेली. तो गाण्यांचं मिक्सिंग करायचा, कामात हुशार होता. त्याने दोन गाणी ऐकली, स्क्रीनवरच्या, सारख्या अंतराच्या उभ्या रेघा दाखवल्या आणि म्हणाला, "ड्रम्स डगमगतात रे. कोरस आला की हा पळतो. हे बसणार नाही." मी स्क्रीनकडे बघितलं. खरंच, कोरसमध्ये, म्हणजे ध्रुवपदापाशी, दत्ताचे ठोके रेघांच्या पुढे गेलेले दिसत होते. त्या क्षणी मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "हो रे, तो हलगीवरून आलाय. त्याला क्लिकची सवय नाही."

मी असं म्हणालो. ज्याच्या आईच्या वाकळी भिंतीला ठोकून मी ते रेकॉर्ड केलं होतं, त्याच्याबद्दल, एका अनोळखी माणसाला, तो समोर नसताना.

मग मी लॅपटॉपवर मशीनचे ड्रम्स बसवले. आठही गाण्यांचे. लग्नांचे स्पीकर थांबले की रात्री बसून, क्लिक लावून गिटार आणि गाणं नव्याने केलं. संक्रांतीपर्यंत सगळं झालं, गुळगुळीत, कुठे म्हणून धक्का नाही. दत्ता मधून मधून फोन करायचा. "कुठपर्यंत आलं भाई?" मी म्हणायचो, चाललंय. सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. आज तो पाळीवर आहे, आज त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, समोरासमोर बोलू, निवांत बोलू. असं करता करता अल्बम नेटवर चढवायचा दिवस आला.

चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. प्रत्येक गाण्याला शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवलं, याचे रकाने. ड्रम्सच्या रकान्यापाशी मी थांबलो. आणि मग मी आठही ठिकाणी दत्ताचं नाव लिहिलं.

मला तेव्हा वाटलं की मी मन मोठं केलं. त्याचं वाजवणं घेता आलं नाही, निदान नाव तरी ठेवतो. त्याने तीन रविवार घाम गाळला, त्याला काहीतरी मिळायला हवं. सीडीच्या मागेही तेच छापलं. दोनशे सीड्या काढल्या होत्या, त्या आता कोण वाजवतं कोण जाणे, पण माणसाच्या हातात द्यायला काहीतरी लागतं. लोक दुसऱ्याचं काम घेतात आणि नाव गाळतात, त्याला चोरी म्हणतात. मी काम गाळलं आणि नाव घेतलं. त्याला काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही.

आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भाड्याचे स्पीकर, वेफर्स आणि चहा. दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर मावशी, ठेवणीतली इरकल नेसून, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. दोघं दुसऱ्या रांगेत बसले. मला तेव्हाही संधी होती. दारातच त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी स्पीकरची वायर तपासत बसलो.

पहिलं गाणं 'वजनकाटा'. ते ड्रम्सनेच सुरू होतं. मी बटण दाबलं आणि दत्ताच्या पायाकडे बघितलं. तोपर्यंत तो पाय चालू होता. पहिले चार ठोके वाजले आणि पाय थांबला.

बाकी तो काही हलला नाही. चेहरा तसाच, किंचित हसरा. मावशी त्याच्याकडे वाकल्या आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "ह्यात तुझं कुठलं रं?"

दत्ता म्हणाला, "मागं वाजतंय ना, ते सगळं, आई."

मावशींनी मागच्या बाईंना खुर्चीवरून वळून सांगितलं, "ही बडवणी समदी आमच्या दत्ताची हाय."

आठ गाणी होईपर्यंत तो पाय पुन्हा हलला नाही. टाळ्या झाल्या. माझा एक ऑफिसातला मित्र दत्ताकडे गेला आणि म्हणाला, "काय टाइट वाजवलंयस यार! एकदम घड्याळ." दत्ता त्याला थँक्यू म्हणाला. मग माझ्याकडे आला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भारी झालंय." मी "तुझ्यामुळेच" म्हणालो. अजून ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

अल्बमचं पुढे तसं फार काही झालं नाही. थोडे लोक ऐकतात. नेटवर कुणीतरी लिहिलं होतं की या गाण्यांत कळंबोलीच्या पत्र्याखालची धग आहे, हाताने केलेल्या कामाचा खरेपणा आहे. ते वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. पण ड्रम्सचं मात्र झालं. पुण्याच्या एका बँडने ते ऐकून दत्ताला बोलावलं. हे मला त्याच्याकडून नाही, दुसऱ्याकडून कळलं. तो रजा टाकून गेला. त्यांनी त्याला वाजवायला बसवलं आणि मग म्हणाले, रेकॉर्डवर वाजवलंयस तसं वाजव ना. तो चहासुद्धा न घेता परत आला म्हणे. काही महिन्यांनी त्याने ड्रमसेट एका शाळेला देऊन टाकला. आमचे फोन कमी झाले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मग दिवाळीला मेसेज, वाढदिवसाला मेसेज, आणि त्याच्या लग्नाला मी नेमका गावाला गेलेलो.

यंदा वाकळ दोन दिवस उन्हात तापली. मृणालने ती घडी करून माझ्या टेबलाशेजारी ठेवली. तिच्याकडे बघत बसण्यापेक्षा मी जुनी हार्ड डिस्क शोधली. वाटलं होतं की मी ते सगळं पुसून टाकलं असेल. पुसलं नव्हतं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कारण हेडफोन जुने होते आणि नीट ऐकायचं होतं. घाम यायला लागला. 'वजनकाटा'चे दत्ताचे ड्रम्स लावले.

आधी ऐकू आला पत्रा. टक, टक. मग काठ्यांचा आवाज, मग ते ड्रम्स. कोरस आला आणि ठेका पळाला, खारघरच्या माणसाने दाखवला होता तसाच. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना सहज म्हणून माझं कच्चं गाणं त्याच्याबरोबर लावलं, दत्ताच्या कानात तेव्हा जे होतं ते. आणि कोरस येताच मी पळालो. मी. गिटार पुढे, गाणं पुढे, सगळंच घाईत. आठही गाण्यांत तेच. कोरस आला की गाणं संपत आलं, संपलं की पंखा लावता येईल, म्हणून मी प्रत्येक वेळी घाई करत होतो. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी तर घाम डोळ्यात गेला असणार, मी श्वास घ्यायला अर्धा ठोका उशीर केला आहे. दत्ताने तिथे हात फिरवून एक छोटी थाप भरली आहे. ऐकणाऱ्याला वाटावं की ते तसंच ठरलेलं होतं.

तो डगमगत नव्हता. तो मला सांभाळत होता. मी पळालो तिथे तो माझ्याबरोबर पळाला, मी अडखळलो तिथे थांबला. गाणं संपल्यावर माइक चालूच राहिलेला. त्यात माझा आवाज नाही, दत्ताचा आहे. तो म्हणतो, "तू गा बिनधास्त भाई. मी धरून हाय."

सगळा शर्ट भिजला तरी पंखा लावायचं लक्षात आलं नाही. मग मी रडलो, आणि रडण्याचाही मला राग आला, कारण ते सोपं होतं.

रविवारी सकाळी वाकळ पिशवीत घालून कळंबोलीला गेलो. दत्ता आता वजनकाट्यावर सुपरवायझर आहे. केस पांढरे व्हायला लागलेत. बिल्डिंगच्या खालीच भेटला, दूध घेऊन येत होता. पिशवीतली वाकळ बघून हसला.

"ही अजून हाय तुज्याकडे?"

मी म्हणालो, "दत्ता, मला बोलायचंय. अल्बमवर तुझे ड्रम्स नाहीत."

"माहीत हाय."

"पहिल्या गाण्यालाच?"

"पहिल्या ठोक्याला. स्वतःचा हात कळत नाय काय माणसाला?" तो गेटच्या कट्ट्यावर बसला. दुधाची पिशवी बाजूला ठेवली. "आई होती ना बाजूला. काय बोलणार?"

मी त्याला सगळं सांगितलं. खारघर, उभ्या रेघा, हलगीवरून आलाय म्हणालो ते, घाई माझी होती ते, अर्धा ठोका, सगळं. हलगीचं ऐकताना त्याने मान खाली घातली, बाकी काही नाही. शेवटी मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "तुझे मूळ ड्रम्स आहेत. मी परत सगळं त्याच्यावर करतो. तसाच काढू अल्बम, खरा. तुझं नाव, तुझं वाजवणं."

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"माज्यासाठी नको, सम्या." तो अजिबात चिडून बोलत नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "तुला झोप लागत नाय म्हणून तू काढणार. मला लागते. मी आता वाजवत नाय, मला त्याचं टेन्शनच नाय."

"मग मी काय करू?"

"माजं नाव काढून टाक. पुण्याला गेलो तेव्हापासून सांगायचं होतं तुला. लोक मला भेटतात, बोलतात काय वाजवलंयस. मी थँक्यू बोलतो. सात वर्षं थँक्यू बोलतोय मी. मी जे केलं त्याला चार शिव्या घातल्यास तरी चालेल, पण जे केलं नाय त्याची शाबासकी नको." मग उठत म्हणाला, "नेटवरनं काढ. आईकडच्या सीडीवर हाय ते राहू दे."

ते मी घरी आल्या आल्या केलं. आठ रकाने, आठ वेळा त्याचं नाव खोडलं आणि मशीनवर ठेके बसवणारा म्हणून माझं लिहिलं. सात वर्षं जे जमलं नाही त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण त्याआधी वर जावं लागलं, कारण वाकळ मावशींची होती.

मावशी आता थकल्या आहेत. दिवाणावर बसल्या होत्या. वाकळ मांडीवर घेऊन त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. "आगं बया, ही तुझ्याकडं व्हती व्हय? मी म्हनलं चार दिल्या आन तीनच कशा आल्या!" मग एकेक तुकडा दाखवायला लागल्या. हा सासूच्या लुगड्याचा, हा स्वतःच्या लग्नातल्या शालूचा, हा दत्ताच्या बापाच्या धोतराचा. फाटलेल्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं.

"खिळ्याला अडकली मावशी. चुकलं माझं."

"असू दे रं बाळा. दोन टाकं घातलं की झालं."

शोकेसमध्ये दत्ताच्या वडिलांच्या फोटोला टेकून ती सीडी उभी होती, पुढची बाजू मागे करून. म्हणजे माझा चेहरा काचेआड भिंतीकडे आणि मागची नावं समोर. दत्ताच्या नावाशेजारी कुंकवाचं बोट उठलेलं होतं, वाळून तपकिरी झालेलं. मावशींनी माझी नजर बघितली. "नवीन वस्तू घरात आली तवा लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दत्ता, लाव की रं ते तुमचं गाणं. समीर आलाय तर. किती दिवसांत ऐकलं न्हाई."

"आता नको, आई."

"लाव म्हनते ना. वाकळ आली, तुमी दोघं हायसा, लाव."

दत्ताने फोन काढला. मला वाटलं तो काहीतरी सबब सांगेल, नेट नाही म्हणेल. त्याने 'वजनकाटा' लावला आणि फोन टेबलावर ठेवला. मशीनचे चार ठोके वाजले. मावशींनी ना फोनकडे बघितलं ना माझ्याकडे. त्या सवयीने लेकाच्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

पाय स्थिर होता. दत्ताच्या ते लक्षात आलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय हलवायला सुरुवात केली, मशीनच्या ठोक्याला ठोका लावून. मावशी हसल्या आणि वाकळीवर हलकेच हात आपटू लागल्या. कोरस आला तेव्हाही तो पाय जराही पुढे गेला नाही. गाणं संपेपर्यंत दत्ता एकदाही चुकला नाही.